आखणीघर

फिलोफ्तेया जिना चढली, बेचाळीस पायऱ्या,
मधली एक तुटकी, ती अजून तुटकीच.
वर आखणीघर: फुटबॉलचं मैदान मावेल एवढी लाकडी जमीन.
दारात थांबून तिनं बूट काढले.
"राहू दे मावशी," मुकादम पोरगा म्हणाला,
"उद्या उखडायचीच आहे."
तरीही काढले.

इथं जहाज आधी आडवं पडायचं, पुरं, खऱ्या मापाचं,
खडूनं, सुतळीनं, वाकत्या पट्टीशेजारी खिळे मारून.
लोकरी मोज्यांत माणसं त्याच्या फासळ्यांवरून सरकायची,
हळू,
तापलेलं मूल नुकतं झोपलंय अशा घरातल्यासारखी.

खाली फाटकावरची पाटी.
आधी एका ग्रीक धान्यव्यापाऱ्याचं नाव;
गव्हाच्या बार्जा चरबी फासलेल्या तुळयांवरून
कुशीनंच दुनरियात लोटायचे. हे तिनं आजोबांकडून ऐकलेलं.
मग लढाई. आज गोदी कुणाची,
ते सकाळी फाटकावर विचारून घ्यायचं.
मग नाव गेलं, आकडा आला, आकड्यावर तारा.
बाप आकड्यात लागला, मागून तीही, सतराव्या वर्षी.
एका भोंग्यावर हजारोंची गर्दी,
हिवाळ्यात वेल्डरच्या ठिणग्यांशी शेकलेले हात.
मग एका डिसेंबरात तारा उतरला.
दोन वर्षं पाटीच नव्हती, भिंतीत चार भोकं,
आणि क्रेनखाली व्यालेली भटकी कुत्री.
आता निळी पाटी, परदेशी मालक,
सुरक्षिततेचे नियम तीन भाषांत.
तिसरी व्हिएतनामी. वेल्डर थुयेत
वसतिगृहाच्या खिडकीत मिरच्या लावते.

काचेआड इलिंका, वय सव्वीस, एक कळ दाबते.
पाण्याखाली निळा उजेड चालत जातो
आणि पोलाद कापडासारखं सुटं होतं.
तयार सांगाडा, आत इंजिन नाही, दिवा नाही,
दोरानं ओढत उत्तरेला नेतात.
उरलेलं जहाज तिकडे होतं.
"वाईट नाही," फिलोफ्तेया म्हणते. "ऊब आहे.
कान शाबूत राहतात. बापाचे माझ्या राहिले नाहीत."

ती आली होती एका रेघेसाठी.
खनिजवाहू जहाज, फासळी एकोणचाळीस.
पहाटे तीनपासून दुधाच्या रांगेत, कडेवर लेक,
मग थेट इथं; आणि हात दोन बोटं सरकला.
झाम्फिर मास्तरांना दिसलं तोवर पत्रे कापून झालेले.
त्यांनी पट्टी खाली ठेवली. पुढं कधी बोलले नाहीत.
जहाज उतरलं, आणि जन्मभर
डावीकडे किंचित कलून चाललं.
खलाशी म्हणायचे, हे कुणाचं तरी ऐकतंय.

हिरवा, करडा, पुन्हा हिरवा: रंगाचे सात थर
तिनं लोणी लावायच्या सुरीनं खरवडले.
रेघ होती.
इलिंका वर आली, फोन धरला, मापं घेतली,
"थांबा, मॉडेलमध्ये घालून बघते."
चहा निवायच्या आत परतली.
"दोन बोटं नाही हो, अर्धंसुद्धा नाही.
एवढ्यानं जहाज कलत नाही.
कललं असेल ते दुसऱ्याच कशानं."

फिलोफ्तेया गुडघ्यांवरच बसून राहिली.
बरं वाटायला हवं होतं.
वाटलं ते असं, की कपाटातलं जपलेलं काही
कुणी न विचारता उचलून नेलं.
आणि झाम्फिर मास्तर? मग ते कशासाठी गप्प होते?
कदाचित गप्पच माणूस. दात दुखत असेल.

मुकादमानं ती फळी तिला काढून दिली,
खिळे ठोकून वाकवले, टोकांना चिंध्या बांधल्या.
ट्राममध्ये ती तिरपी घालावी लागली,
एक टोक दारापाशी, एक तिच्या खांद्यावर.
तिकीट तपासणाऱ्यानं फळी वरखाली पाहिली.
"हे काय आहे?"
"जहाज," ती म्हणाली.
त्यानं तिचा पेन्शनरांचा पास बघितला,
आणि फळीचं अर्धं तिकीट फाडलं.